तिकीट लावलेला राग

रजनीताई जाधवला राग आला की ती आधी चष्मा काढायची. मग तो मिटून डबीत ठेवायची, डबी पर्समध्ये टाकायची आणि पर्सची चेन ओढायची. एवढं होईपर्यंत समोरच्याला पळून जायला भरपूर वेळ असायचा. आमच्या पाहुण्यांना हे कोणी सांगितलेलं नसायचं, त्यामुळे ते पळायचे नाहीत. हसत उभे राहायचे.

पाहुणे म्हणजे गिऱ्हाइकं. आमची कंपनी संध्याकाळी सात-आठ जणांचा गट घेऊन मुंबईतले लपवलेले बार दाखवायची. लपवलेले म्हणजे पोलिसांपासून नव्हे, त्यांची लायसन्सं आत भिंतीवर फ्रेम करून लावलेली असतात. बाहेरून शिंप्याचं दुकान, आत टांगलेले कोट बाजूला सारले की मागे बार. बाहेरून भला मोठा जुना फ्रीज, त्याचं दार उघडलं की बार. ज्याला माहीत नाही त्याला दार सापडू नये आणि ज्याला सापडलं त्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. गिरगावात सुरुवात, मग टेम्पो ट्रॅव्हलरनं परळ आणि शेवट करी रोडला. रजनीताई गाईड, आणि मी सगळ्यात मागून चालणारा. कोणी चुकलं, रेंगाळलं, पायरीवरून घसरलं तर सांभाळायला. माझं घर फणसवाडीत, घराण्यात सगळे कारकून. मी लोकांना बार दाखवत हिंडतो हे माझ्या आईनं वाडीत कोणालाही कळू दिलं नाही. ती सांगायची, "श्रीधर टुरिझममध्ये आहे."

ताई करी रोडच्या चाळीत जन्मली आणि वाढली. वडील गिरणीत, आई परळच्या एका इस्पितळात आया. ती स्वतः फोर्टातल्या एका हॉटेलात रिसेप्शनला होती. मालकांनी हॉटेल विकलं आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती घरी बसली, म्हणून इकडे आली. इंग्रजी फाडफाड, साडी कडक इस्त्रीची, पायात मात्र धावायचे बूट. पहिल्याच दिवशी मी तिला "तुम्ही" म्हणालो तर म्हणाली, "अहो-जाहो नको करू. मी काय तुझी सासू नाही. आणि ऐक, मी चिडले की मध्ये पडायचं नाही. पाणी आणून द्यायचं, बस्स."

मी तिला किती वेळा पाणी आणून दिलं त्याची गणती नाही.

ती स्वतः पीत नसे. लिंबू-सोडा, साखर नको, मीठ जास्त. दारूबद्दल तिचं वाकडं मत नव्हतं, उलट कोणत्या बारमध्ये कशात काय चांगलं मिळतं ते ती नेमकं सांगायची. पहिल्या बारच्या आधी सगळ्यांना कोपऱ्यावरच्या गाडीवरून भाजलेले शेंगदाणे घेऊन द्यायची आणि म्हणायची, "ईट. रिकाम्या पोटी प्यायलात तर तुम्हाला मी उचलणार नाही, हा श्रीधर उचलेल." मी वजनानं जेमतेम पन्नास किलोचा. पाहुणे माझ्याकडे पाहत आणि शेंगदाणे खात.

तिचं खरं भांडण होतं ते बघण्याशी. गिरगावात शिंप्याच्या दुकानाकडे जाताना एक चाळ लागते. दुमजली, लाकडी कठड्याची, अजून माणसं राहतात अशी. एका संध्याकाळी तिथे गॅलरीत एक बाई केस मोकळे सोडून उभ्या होत्या, नुकत्या न्हायलेल्या. आमच्यातल्या एका साहेबांनी फोन वर केला. ताईनं चष्मा काढला, डबीत ठेवला, चेन ओढली. मग त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही कुठे राहता?"

"पवई."

"कितवा मजला?"

"एटीन्थ. का?"

"उद्या सकाळी मी दुर्बीण घेऊन येते. तुमच्या मिसेस अंघोळ करून कधी बाहेर येतात तेवढं कळवून ठेवा."

सगळे हसले. साहेबही हसले, फोटो मात्र त्यांनी ठेवलाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या पानावर पाच तारे दिले आणि लिहिलं की गाईड भन्नाट आहे, अस्सल गिरणगावी तिखट, चुकवू नका.

ताईला मी ते वाचून दाखवलं ही माझी चूक. "तिखट?" ती म्हणाली. "मी काय चटणी आहे?"

परळचा बार एका बंद गिरणीच्या आवारात आहे, तो फ्रीजवाला. तिथे एकदा एका तरुणानं तिला विचारलं की मुंबईत पूर्वीपासून असं लपूनछपून प्यायची काही परंपरा होती का. ताई म्हणाली, "होती की. आमच्या चाळीच्या मागेच होती. हातभट्टीची, टायरच्या ट्यूबमधून यायची, सायकलवर. माझा मामा प्यायचा. एकदा विषारी आली. तो आधी आंधळा झाला, मग गेला."

"वॉव," तो म्हणाला.

मला अजून त्या पोराचा चेहरा दिसतो. वाईट मनानं म्हणाला नव्हता. त्याच्याकडे त्या जागी घालायला दुसरा शब्दच नव्हता. पण म्हणून राग यायचा थांबतो का? ताईनं त्या वेळी चष्मा काढला नाही की काही नाही. तिनं मला हाक मारली, "श्रीधर, पाणी." प्यायली आणि पुढच्या बारची माहिती सांगू लागली. टेम्पोत माझ्याशेजारी बसल्यावर हळूच म्हणाली, "माझा मामा मेला, आणि तो वॉव म्हणाला रे."

आमच्या मालकाचं नाव तन्मय. वय तीस, कार्डावर फाउंडर. तो वाईट मुलगा नव्हता असं म्हणायची पद्धत आहे, मी म्हणणार नाही. त्यानं एक दिवस ताईला ऑफिसात बोलावलं. आता ताकीद मिळणार म्हणून ती तयारीनं गेली होती. तन्मयनं तिला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि म्हणाला, "ताई, लोकांना तुमचा राग आवडतो. दॅट इज आवर यूएसपी. थोडा आणखी वाढवता येईल का? म्हणजे प्रत्येक स्टॉपला एकदा तरी?"

बाहेर येऊन ती जिन्यात आली. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "आयुष्यभर लोक सांगत आले, रजनी, एवढी चिडू नकोस, बाईच्या जातीला शोभत नाही. नवऱ्यानं सांगितलं, हॉटेलच्या मॅनेजरनं सांगितलं. आणि आता हा म्हणतो, आणखी चीड." पुढचा महिनाभर ती कोणावरही चिडली नाही. मुद्दाम. अगदी गोड गोड बोलायची, थँक्यू, प्लीज, वेलकम. पाहुण्यांनी तारे कमी केले.

मग करी रोडचा जुना बार टूरमधून गेला आणि नवा आला. त्याचं नाव मी घेणार नाही, फुकटची जाहिरात होईल. चाळीतल्या घराला आपण जो शब्द वापरतो तोच त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिला होता. ताईची चाळ पाडून टॉवर उभा राहिला, त्याच्याच मागच्या गल्लीत हा बार. बाहेर कडी-कोयंड्याचं जुनं दार, दारावर तोरण, खाली चपला मांडलेल्या. त्या चपलासुद्धा सजावटीच्या, कोणाच्या पायातल्या नव्हेत. कडी वाजवायची, मग आतून "कोण आहे?" असं बाईच्या टेप केलेल्या आवाजात यायचं.

आत गेलो. पेल्यात कोकम आणि जिन, वर मीठ-जिरं. आणि समोरच्या अख्ख्या भिंतीवर तसबिरी. जुन्या, काळ्या-पांढऱ्या, काहींच्या काचा तडकलेल्या. टोपीतले आजोबा, नऊवारीतल्या आज्या, लग्नातली जोडपी, एक कुस्तीगीर. प्रत्येक तसबिरीला चंदनाच्या सालीचा हार आणि वर एक लालसर छोटा दिवा. मॅनेजर पुढे आला आणि अभिमानानं म्हणाला, "ये हमारी ॲन्सेस्टर वॉल. सगळे ओरिजिनल चाळवाले. डिझायनरने इधर के भंगारवाले से पूरा लॉट उठाया."

हे खरं होतं. चाळ रिकामी झाली तेव्हा लोक आधी संक्रमण शिबिरात गेले, मग टॉवरमध्ये. सामान दोनदा हलवायचं म्हटल्यावर माणसं मेलेल्यांनाही आवरतात. तसबिरी भंगारात गेल्या, पितळ, पत्रा आणि मोडक्या खुर्च्यांबरोबर.

ताई भिंतीजवळ गेली. आधी तिचा आवाज मऊ झाला. मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "हे तावडे मास्तर," ती म्हणाली. "आम्हाला गणितं शिकवायचे, गॅलरीत सतरंजी टाकून. हे शेलारकाका, भजनात पेटी वाजवायचे. ही तळमजल्यावरची आक्का, हिच्याकडे खानावळ होती." पाहुणे खूश झाले. कोणीतरी ग्लास उंचावून म्हणालं, "चिअर्स टू तावडे मास्टर!" मग शेलारकाकांना चिअर्स झालं, आक्काला झालं. मला त्यांच्या हातातले ग्लास हिसकावून घ्यावेसे वाटले.

पुढच्या तसबिरीपाशी ताई थांबली. एक तरुण बाई, नाकात नथ, स्टुडिओतल्या खुर्चीवर बसलेली. ताईनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि टाचा उंचावून काचेजवळ गेली.

"श्रीधर," ती मराठीत म्हणाली, "ही मेलेली नाही."

"म्हणजे?"

"इंदूमावशी आहे ही. आमच्या शेजारची. आता आमच्याच टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहते. परवा खाली बाजारात सुके बोंबील निवडत होती."

"तुला भेटली?"

"भेटतेय कसली! आमचं बोलणं नाही. मी शाळेत होते तेव्हापासून नाही. लिफ्टमध्ये आली तर मी भिंतीकडे बघते. पण जिवंत आहे ना रे ती! जिवंत बाईच्या फोटोला हार घातलाय मेल्यांनी!"

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे आपल्याकडे पोराला मुळाक्षरांच्या आधी कळतं. हौसेनं कोणी तसं केलंच तर घरातलं मोठं माणूस धावत येतं, अभद्र म्हणून पाठीत धपाटा घालतं. हिंदूंच्या घरी, बौद्धांच्या घरी, सगळीकडे सारखंच. त्या डिझायनरला एवढंही ठाऊक नव्हतं, किंवा जुना फोटो म्हणजे मेलेला माणूस असा त्याचा साधा हिशोब होता. चाळीतली माणसं सगळी मेली असणार, नाहीतर त्यांची भिंत कशी करता येईल?

ताईनं खुर्ची ओढली, बूट काढले आणि वर चढली. तिनं हार काढला आणि दोन्ही हातांनी तोडला. सालीचे तुकडे खाली पाहुण्यांच्या ग्लासांत पडले.

"मॅडम! डेकोर को हाथ मत लगाइए!" मॅनेजर धावला.

"ये औरत जिंदा है," ती वरूनच ओरडली. "जिंदा है! तुम्हारी माँ का फोटो लगाऊँ इधर, हार डालके? चलेगा?"

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी हे विसरू शकत नाही. सात-आठ माणसं, शिकलेली, चांगल्या घरातली, टाळ्या वाजवत होती. दोघांनी फोन वर धरले होते. एका बाईनं मला कोपरानं ढोसून विचारलं, "इज धिस पार्ट ऑफ द टूर?" मी म्हणालो, "नो. शी इज ॲक्च्युअली अँग्री." त्या म्हणाल्या, "आय नो, शी इज अमेझिंग!"

मॅनेजरनं तोडगा काढला. हसत म्हणाला, "जिंदा है तो और अच्छा! आंटी को बुला लो ना एक दिन, हम फ्री ड्रिंक देंगे, रील बनाएंगे." ताईनं तसबीर खिळ्यावरून उतरवली, पदरात गुंडाळली, बूट हातात घेतले आणि त्या सजावटीच्या चपलांना पायानं बाजूला सारत अनवाणी बाहेर पडली. टाळ्या गल्लीपर्यंत येत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावणं. बारवाल्यांनी चोरीची तक्रार करायची धमकी दिली होती. तन्मय मात्र आनंदात होता. कोणाचा तरी व्हिडिओ रात्रीतून भराभरा पसरला होता.

"ताई, मी त्यांच्याशी बोललोय," तो म्हणाला. "तक्रार नाही करणार ते. फक्त फोटो परत लावायचा, हारासकट. आणि दर शनिवारी तुम्ही तो असाच उतरवायचा. सेम टू सेम. त्यांना मान्य आहे, तिकीट आपण वाढवू. तुमचा शेअर वेगळा."

मी ताईकडे पाहिलं. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता. ती अगदी शांतपणे बोलली, आणि मला तिची पहिल्यांदाच भीती वाटली.

"म्हणजे ती बाई दर शनिवारी मरणार. मी तिला दर शनिवारी उठवणार. आणि तुम्ही दारात तिकिटं फाडणार."

"ताई, इट्स जस्ट अ फोटो..."

"तुझ्या आजीचा आहे घरी?"

"आहे, पण..."

"पण तिला कोणी ओळखतं. म्हणून ती आजी. हिला तुम्ही ओळखत नाही, म्हणून ही भिंत." ती उठली. "फोटो मी देणार नाही. ज्याचा आहे त्याला देईन. पोलिसांना माझा पत्ता द्या, टॉवरच्या गेटवर विचारा म्हणावं, जाधवबाई कुठे राहते. सगळे ओळखतात."

तिची नोकरी तिथेच संपली. तन्मयनं माझ्याकडे पाहून "यू टू?" असं काहीतरी विचारलं. मी तेव्हा नुसता तिच्या मागोमाग बाहेर पडलो, मागून चालणं ही माझी सवयच होती.

खाली आल्यावर ती म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"अकराव्या मजल्यावर. बेल तू वाजवायची. बोलायचंही तू. आमचं बोलणं नाही, सांगितलं ना."

टॉवरच्या मागच्या बाजूला जुन्या चाळकऱ्यांची पुनर्वसनाची इमारत वेगळी, लिफ्टही वेगळी. लांबलचक, ट्यूबलाइटचा कॉरिडॉर, दोन्ही बाजूंनी सारखी दारं. दुपारची वेळ होती, कुठून तरी फोडणीचा वास येत होता. मी बेल वाजवली. ताई तसबीर छातीशी धरून दोन पावलं मागे, भिंतीकडे तोंड करून उभी.

दार उघडलं. इंदूमावशी म्हणजे वाळून काठी झालेली बाई, पण डोळे टोकदार. मी सगळं सांगितलं. बार, भिंत, हार. शब्द जमेल तेवढे सौम्य वापरले. ती माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

"मीच दिलंय तो फोटो भंगारात," ती म्हणाली. "हयच्या भिंतीत खिळो जाणा नाय. ड्रिल लागता, आणि सून म्हणता भिंती खराब नको करू." मग तिचा आवाज एकदम चढला. "आणि तुका कोणी सांगितल्यान गो, माझो हार काढूक? मी तुझी कोण? इतकी वर्षां तोंड फिरवून जातंस ता?"

ताई भिंतीपासून वळली.

"हार काढला ते चुकलं का माझं? जिवंतपणी मेलीस म्हणून लोक दारू पीत होते तुझ्यासमोर!"

"पिऊ देत! तुझां काय जाता?"

"माझं काय जातं?" ताईनं तसबीर तिच्यासमोर धरली आणि काचेवर बोट आपटलं. फोटोतल्या बाईच्या मनगटावर घड्याळ होतं. "हे काय आहे? हे कोणाचं घड्याळ? माझ्या आईचं! फोटो काढायचाय म्हणून मागून नेलंस. तिनं ड्यूटीवरून आल्या आल्या हातातलं काढून दिलं तुला. तेव्हा नाही विटाळ झाला? आणि नळावर तिचा हात तुझ्या कळशीला लागला तर सगळ्या बायकांसमोर राख लावून घासलीस ती! कळशी! ती घरी येऊन काही बोलली नाही. मरेपर्यंत बोलली नाही. मी बघत होते, दप्तर घेऊन!"

शेजारचं दार उघडलं. मग समोरचं. कोणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.  मला वाटलं आता इंदूमावशी दार लावून घेईल. तिनं दाराची कड धरली ती तशीच धरून ठेवली.

"सासू उभी होती मागे," ती ओरडली. "म्हणून घासलंय! तिका सांगून बघायचा होता तू!"

खालून वॉचमन आला होता, तो मला बाजूला ओढत होता, "क्या चालू है, सोसायटी में झगडा नहीं करने का." मी लिफ्टमध्ये शिरलो. पुढे ताई भाचीकडे ठाण्याला राहायला गेली असं कळलं, माझी तिची भेट काही झाली नाही. मी तिला शेवटची पाहिली ती त्या कॉरिडॉरच्या मध्यावर. केस सुटलेले, तसबीर बगलेत, चष्मा घसरून नाकाच्या टोकावर आलेला, आणि समोर हातभर अंतरावर ती म्हातारी.

"मग सासू मेल्यावर यायचं होतंस!" ताई म्हणाली. "बाजूचंच दार होतं!"

लिफ्टचं दार बंद झालं. दोघींचे आवाज बराच वेळ खालपर्यंत येत होते, आणि दोघीही एकाच वेळी बोलत होत्या.